'ग्लोबल' पीजीडीएम, परदेशी युनिव्हर्सिटीशी टाय-अप आणि हे सगळे लोगो: पुतण्यासाठी विचारतोय

चोपडेकर_काका:
नमस्कार मंडळी. पुतण्या जळगावला बीबीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, एमबीएची सीईटी देऊन बसलाय, निकालाची वाट बघणं चालू आहे. तेवढ्यात पुण्याच्या एका कॉलेजवाल्यांनी इथे हॉटेलात सेमिनार घेतला, चहा नाश्ता आणि जाताना हातात जाडजूड पुस्तिका. पीजीडीएम, म्हणजे मॅनेजमेंटचा डिप्लोमा, दोन वर्षांचा, त्यात म्हणे 'युरोपियन सेमिस्टर', शेवटी 'ग्लोबल क्रेडेन्शियल', आणि मागच्या पानावर लोगोच लोगो. एएसीएसबी, ईएफएमडी, एनबीए, नॅक, दोन परदेशी युनिव्हर्सिट्या आणि अजून तीन-चार ज्यांची नावं मी आयुष्यात ऐकली नाहीत. फी हॉस्टेल धरून साडेबारा लाख, विमानाचा खर्च वेगळा. भाऊ म्हणतो कर्ज काढू, वहिनी म्हणते पोरगा परदेश बघून येईल, आणि मी घरातला 'शिकलेला' म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघून राह्यले. मला बँकेच्या नोकरीत शाखेचं ऑडिट कळायचं, हे नाही कळत. हे लोगो कोण देतं, कशावर देतं, आणि त्याने पोराला नोकरीत फरक पडतो का, एवढं सांगा.

अहिराणी_टोला:
काका इतला लोगो ते एसटी स्टँडना भिंतवर बी नही राहतस 😄

तापीपार:
सोपं उत्तर. साडेबारा लाखात पोराला दोन एकर ठिबक करून द्या. टाय-अप, एमओयू (सामंजस्य करार) हे सगळं फोटो काढण्यापुरतं असतं. शाल श्रीफळ, फाइल हातात धरून फोटो, पेपरात बातमी, विषय संपला.

गिरणाकाठ:
काका, मी याच भागात एमबीएच्या पोरांना शिकवतो म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर चालवून घ्या.

आधी त्या पुस्तिकेचं मागचं पान परत काढा आणि एएसीएसबीच्या लोगोखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा. 'मेंबर' लिहिलंय की 'अ‍ॅक्रेडिटेड'? यातच निम्मा खेळ आहे. एएसीएसबी ही बिझनेस स्कूल तपासणारी अमेरिकेतली संस्था, १९१६ पासूनची, ऑफिस फ्लोरिडातल्या टॅम्पाला. तिची मेंबरशिप म्हणजे वार्षिक वर्गणी भरून मिळणारं सभासदत्व, कॉन्फरन्सला जाता येतं, ट्रेनिंग मिळतं, बस. अ‍ॅक्रेडिटेशन, म्हणजे दर्जा तपासून दिलेलं प्रमाणपत्र, ही पूर्णपणे वेगळी भानगड. आधी पात्रतेचा अर्ज, तो मंजूर झाला की एक मेंटॉर, मग स्वतःच्या कॉलेजची स्वतःच केलेली चिरफाड लेखी द्यायची, त्यातल्या त्रुटी भरून काढायच्या, मग बाहेरच्या बिझनेस स्कूलचे डीन येऊन दोन-तीन दिवस बसतात. चार-पाच वर्षं सहज जातात. आणि मिळालं म्हणजे कायमचं नाही, ठराविक वर्षांनी परत तपासणी. मेंबर आणि अ‍ॅक्रेडिटेड, दोघांचीही यादी त्यांच्या साइटवर देशानुसार आहे, पाच मिनिटांचं काम.

ईएफएमडीचं तसंच. ती ब्रुसेल्सची संस्था, तिचीही मेंबरशिप वेगळी. तिचं जे खरं मानाचं अ‍ॅक्रेडिटेशन आहे त्याचं नाव ईक्विस, १९९७ ला सुरू झालेलं, ते मिळतं तीन किंवा पाच वर्षांसाठी. पाच वर्षांचं मिळालं तर स्कूलवाले पेढे वाटतात, तीनचं मिळालं तर समजायचं की 'पास आहात पण हे हे सुधारा'. तिसरी लंडनची अ‍ॅम्बा, १९६७ ची. ती अख्खी संस्था नाही तर एमबीएचा कोर्स तपासते आणि तिची एमबीएसाठी अट असते की पोरांना किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव हवा. म्हणजे आपल्याकडे बीकॉम बीई झालं की लगेच जे एमबीए करतात ते त्यांच्या हिशोबात एमबीएच नाही, त्याला ते वेगळ्या मास्टर्स प्रकारात बघतात. या तिन्ही ज्यांच्याकडे आहेत त्यांना 'ट्रिपल क्राउन' म्हणतात, जगातल्या बिझनेस स्कूलपैकी जेमतेम १ टक्का. भारतात आयआयएम कलकत्त्याकडे तिन्ही आहेत, हैदराबादच्या आयएसबीकडे आहेत. आयआयएम अहमदाबादला ईक्विस २००८ लाच मिळालं. आता या यादीच्या शेजारी तुमच्या पुस्तिकेतलं कॉलेज ठेवून बघा, म्हणजे लोगोचं वजन कळेल.

एनबीए आणि नॅक आपले देशी. दोन्ही १९९४ चे. नॅक संस्थेला ग्रेड देतं, एनबीए एकेका कोर्सला. म्हणून 'एनबीए अ‍ॅक्रेडिटेड कॉलेज' असं जेव्हा लिहिलेलं दिसतं तेव्हा विचारायचं की कोणता कोर्स आणि कधीपर्यंत. एकाच कॉलेजात एका पीजीडीएमला असतं आणि शेजारच्या नव्या पीजीडीएमला नसतं, पोस्टरवर लोगो मात्र दोघांच्या डोक्यावर. आणि एआयसीटीईची मान्यता हे अ‍ॅक्रेडिटेशन नव्हे, ती तर कोर्स चालवायची परवानगी आहे, ती नसेल तर तिथून उठून यायचं.

चोपडेकर_काका:
सर, पान काढलं. भिंग घेऊन वाचलं. एएसीएसबीखाली 'मेंबर'च आहे, ईएफएमडीखाली काहीच लिहिलेलं नाही. एनबीएखाली 'अप्लाइड फॉर'.

अहिराणी_टोला:
अप्लाइड फॉर ते मी बी शे, कलेक्टरना पोस्टले 😂

केळी_कंटेनर:
गिरणाकाठ सरांचं वाचून माझ्या धंद्यातलंच आठवलं. रावेरकडून आम्ही केळी भरतो, आखातात जाणाऱ्या मालाला ग्लोबलगॅप (चांगल्या शेतीपद्धतीचं सर्टिफिकेट) कुणी विचारतं कुणी विचारत नाही, पण युरोपचा सुपरमार्केटवाला विचारतोच. त्या सर्टिफिकेटवर १३ आकडी नंबर असतो, तो टाकला की ऑनलाइन दिसतं कुणाचं शेत, कोणतं पीक, मुदत कधी संपते. तरी दर सीझनला एखादा महाभाग येतो जो चुलतभावाच्या डाळिंबाचं सर्टिफिकेट दाखवून आपली केळी विकू बघतो. कागद खरा, शिक्का खरा, फक्त पीक दुसरं आणि शेत दुसऱ्याचं. आणि एक, सर्टिफिकेट असलं म्हणजे प्रत्येक फणी गोड निघेल असं नसतं, फवारणी कधी केली, पाणी कुठलं, माल धुतला कसा याची नोंद आहे एवढंच ते सांगतं. कॉलेजचंही हेच दिसतंय.

गिरणाकाठ:
अगदी. व्याप्ती, मुदत आणि नाव, हेच तीन बघायचं.

तापीपार:
बरं मग सर एक सांगा, हे परदेशी लोक येऊन आपल्याला सर्टिफिकेट देणार आणि आपण पैसे भरणार, हा सुद्धा धंदाच ना? टॅम्पात बसलेल्या माणसाला जळगावच्या डाळ मिलचं काय कळतं? आणि ऐकलंय की या अ‍ॅक्रेडिटेशनपायी प्राध्यापक शिकवायचं सोडून इंग्रजी जर्नलमध्ये पेपर छापत बसतात.

गिरणाकाठ:
तुमचं निम्मं बरोबर आहे. फी डॉलरमध्ये असते आणि छोट्या कॉलेजला झेपत नाही. पेपर छापायच्या शर्यतीची तक्रारही खरी आहे, जगभर होते. पण ते मागतात काय ते बघा. एएसीएसबी म्हणतं शिकवणाऱ्यांपैकी साधारण ७५ टक्के असे हवेत की जे कॉलेजच्या कामात पूर्ण गुंतलेले आहेत, नुसते तास घेऊन जाणारे नव्हेत. किमान ४० टक्के असे हवेत ज्यांची पीएचडी आहे आणि संशोधन चालू आहे. एकूण ९० टक्के लोक त्यांच्या चारपैकी कुठल्या ना कुठल्या पात्रतेत बसले पाहिजेत, त्यात इंडस्ट्रीतून आलेला अनुभवी माणूसही चालतो. आता आपल्याकडे या. किती कॉलेजात निम्मे लोक सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) आहेत? तासाप्रमाणे पैसे, तेही सहा महिन्यांनी, तीन कॉलेजं करून संध्याकाळच्या गाडीने घरी. त्या पोरांचा दोष नाही हो, त्यांच्यातले काही माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात. पण टॅम्पावाल्याला डाळ मिल कळली नाही तरी हे मात्र कळेल की या कॉलेजात शिकवायला कायमचा माणूस नाही.

आणि दुसरी गोष्ट ते मागतात ती मला मनापासून आवडते, 'अ‍ॅशुरन्स ऑफ लर्निंग'. पोरं पास झाली हे पुरावा म्हणून चालत नाही. मी हे आमच्याकडे अ‍ॅक्रेडिटेशन नसताना करून बघतो. धरणगावकडच्या जिनिंगवाल्याची केस बनवली, नाव काढून टाकलं. दिवाळीनंतर कापूस आवक जोरात, कॅश क्रेडिटची लिमिट संपत आलेली, भाव पुढे वाढेल की पडेल कुणी सांगू शकत नाही, गाठी धरून ठेवायच्या की विकायच्या? पोरांनी रिपोर्ट लिहिले, मी आणि दुसऱ्या एका सरांनी वेगवेगळे तपासले, एकमेकांचे मार्क न बघता, ठरलेल्या चार मुद्द्यांवर. आकडेमोड बहुतेकांची बरोबर. व्याज किती लागेल, गोडाऊनचं भाडं किती, ब्रेक-ईव्हन भाव किती, सगळं येतं. पण 'मग शेटला काय सांगाल' या प्रश्नाला निम्म्या रिपोर्टमध्ये उत्तरच नाही, दोन्ही बाजूंनी फायदे-तोटे लिहून पान संपलेलं. हे परीक्षेच्या मार्कांत कधीच दिसलं नव्हतं, त्यात ही पोरं फर्स्ट क्लास. मग पुढच्या सेमिस्टरला दर आठवड्याला एक पान, फक्त निर्णय आणि कारण, असं लावलं आणि परत तशीच केस देऊन मोजलं, थोडी सुधारणा दिसली. एएसीएसबी हेच म्हणतं, ध्येय ठरवा, मोजा, कमी पडलं तर शिकवणं बदला, परत मोजा आणि हे सगळं लिहून ठेवा. यात अमेरिकन काय आहे?

तापीपार:
हां, हे पटलं. पण हे तुम्ही फुकटात केलं ना.

विद्यापीठ_कॅन्टीन:
सर आमच्या कॉलेजात नॅकच्या वेळी जे झालं ते ऐका 😭 पीअर टीम यायच्या आधी पंधरा दिवस लेक्चर बंदच, आम्ही मुलं जुन्या कार्यक्रमांचे फोटो जिओटॅग करत बसलो होतो, लायब्ररीच्या रजिस्टरमध्ये मागच्या तारखांच्या सह्या, रांगोळी स्पर्धा, वॉशरूमला पहिल्यांदा साबण. एमओयूची एक फाइल होती त्यात कुठल्या तरी परदेशी कॉलेजचा एमओयू पण होता, त्या कॉलेजचं नाव आम्ही त्याच दिवशी ऐकलं. ग्रेड बरी आली. साबण दुसऱ्या आठवड्यात गायब.

गिरणाकाठ:
हे सगळीकडे आहे, नाव नको. म्हणून तर नॅक आता ग्रेडऐवजी 'अ‍ॅक्रेडिटेड आहे की नाही' अशा साध्या पद्धतीकडे आणि ऑनलाइन पडताळणीकडे चाललंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने चांगल्या ग्रेडसाठी लाच घेतल्याच्या प्रकरणात तपासणी समितीतल्याच लोकांना पकडलं, ती बातमी सगळ्यांनी वाचली असेल. नुसत्या ग्रेडवर अ‍ॅडमिशन घेऊ नका ते यासाठीच.

ऱ्हाईनकाठचा_भुसावळी:
उशिरा आलो धाग्यावर. मी जर्मनीत आहे, मास्टर्स इकडेच केलं, आता नोकरी. नोकरीचं विचाराल तर इंटरव्ह्यूत एकदाही कुणी विचारलं नाही की तुझ्या युनिव्हर्सिटीला एएसीएसबी आहे का. भाषा येते का, इंटर्नशिप कुठे केली, एसएपी येतं का, हेच. इकडे सरकारी पातळीवर कोर्सच्या अ‍ॅक्रेडिटेशनची वेगळी व्यवस्था आहे, बॉनची फिबा नावाची एजन्सी मॅनेजमेंटचे कोर्स तपासते, लोक तेच बघतात. ट्रिपल क्राउनवाली शाळा म्हणाल तर मॅनहाइम, तिचं नाव इथल्या कंपन्यांत वजनदार आहे हे खरं, पण ते नाव आधीपासूनच मोठं होतं.

भारतातून इकडे यायला मात्र कागद लागतात आणि तिथे अ‍ॅक्रेडिटेशनपेक्षा मान्यता जास्त महत्त्वाची. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय मुलांना एपीएस सर्टिफिकेट काढावं लागतं, त्यात तुमच्या डिग्र्या खऱ्या आहेत का ते तपासतात. आणि 'अनाबिन' नावाचा डेटाबेस आहे, त्यात तुमची संस्था कोणत्या वर्गात आहे ते दिसतं. पीजीडीएम करून पुढे जर्मनीत यायचा विचार असेल तर त्या संस्थेचं नाव अनाबिनवर आजच शोधा, डिप्लोमा म्हणून नंतर घोळ होऊ शकतो.

आणि काका, ते 'युरोपियन सेमिस्टर' म्हणजे नक्की काय ते लेखी विचारा. युरोपात एक पूर्ण सेमिस्टर म्हणजे ३० ईसीटीएस क्रेडिट (ईसीटीएस म्हणजे तिकडची क्रेडिट मोजायची पद्धत). माझ्या वर्गात भारतातल्या एका मोठ्या संस्थेतून एक्सचेंजवर पोरं यायची, ती आमच्यासोबत परीक्षा द्यायची, रडायचीही आमच्यासोबत, आणि शेवटी आमच्याच युनिव्हर्सिटीचं मार्कशीट घेऊन जायची. उलट दुसरा प्रकार पण बघितला, बस भरून पोरं आली, दोन लेक्चर, एक कारखान्याची भेट, ग्रुप फोटो, संध्याकाळी नदीवर बोट, आणि सहभागाचं सर्टिफिकेट. ब्रोशरमध्ये दोन्हीला 'इंटरनॅशनल एक्सपोजर'च म्हणतात.

केळी_कंटेनर:
बोटीवर शेवभाजी मिळाली असती तर पैसे वसूल 😀

गिरणाकाठ:
भुसावळी भाऊंनी नेमकं सांगितलं. त्यात भर घालतो. खऱ्या एक्सचेंजमध्ये पोरगा फी आपल्याच कॉलेजला भरतो, तिकडची ट्युशन फी त्याला लागत नाही, कारण तिकडचा एक पोरगा इकडे येतो. देवाणघेवाण. म्हणून कॉलेजला विचारायचा सगळ्यात अडचणीचा प्रश्न हा की 'गेल्या वर्षी तिकडची किती मुलं तुमच्या वर्गात येऊन बसली?' एकही नसेल तर ते एक्सचेंज नव्हे, सहल आहे. सहल वाईट असं म्हणत नाही, पण मग ती सहलीच्या दरात हवी.

आणि अ‍ॅक्रेडिटेशनचा पोराला खरा फायदा कुठे होतो तर इथेच. ईक्विसवाले तपासायला येतात तेव्हा तुमचे परदेशी पार्टनर कोण आहेत, कोणत्या दर्जाचे आहेत हेही बघतात. त्यामुळे चांगली स्कूल सोयरीक करताना समोरच्याचं अ‍ॅक्रेडिटेशन बघते. आयआयएमच्या पोराला पॅरिस मिलानच्या मोठ्या स्कूलमध्ये एक सेमिस्टर काढता येतं ते यामुळे. ज्या कॉलेजकडे स्वतःचं काही नाही त्याच्याशी कोण हात मिळवतं? त्याच्यासारखंच एखादं, किंवा फी देणारी पोरं हवी असलेलं.

आता 'ग्लोबल क्रेडेन्शियल'बद्दल. पीजीडीएमवाली संस्था डिप्लोमा देते, डिग्री देत नाही, डिग्री विद्यापीठ किंवा कायद्याने तसा अधिकार मिळालेली संस्थाच देते. परदेशी युनिव्हर्सिटीसोबत जोडून डिग्री द्यायची तर यूजीसीचे २०२२ चे नियम आहेत, ट्विनिंग, जॉइंट आणि ड्युअल डिग्रीचे. त्यात भारतीय संस्थेला नॅकचा किमान ३.०१ स्कोअर हवा किंवा एनआयआरएफच्या (केंद्र सरकारच्या रँकिंगच्या) विद्यापीठ यादीत पहिल्या १०० त असावी किंवा 'इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स' असावी, आणि परदेशी संस्था टाइम्स किंवा क्यूएसच्या जागतिक रँकिंगमध्ये पहिल्या १००० त. ट्विनिंगमध्ये तिकडचे क्रेडिट ३० टक्क्यांपर्यंत, डिग्री फक्त इकडची. जॉइंट डिग्रीत दोन्हीकडचे किमान ३०-३० टक्के आणि एकच सर्टिफिकेट. ड्युअलमध्ये दोन डिग्र्या, पण इकडचे किमान ३० टक्के हवेतच. फ्रँचायझी चालत नाही, ऑनलाइनवर चालत नाही. म्हणजे कुणी म्हटलं की इथेच बसा, व्हिडिओ बघा आणि परदेशी डिग्री घ्या, तर ते या नियमांत बसत नाही.

सातपुडा_एक्सप्रेस:
नंदुरबारहून. एक मुद्दा कुणी काढला नाही. आमच्या भागातल्या आदिवासी मुलांसाठी राज्य सरकारची परदेशी शिष्यवृत्ती आहे, एससी मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज योजना आहे. तिथे क्यूएस रँकिंगची अट लागते, एएसीएसबी असो नसो कुणी विचारत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने अ‍ॅक्रेडिटेशन बघून छान स्कूल निवडली, ऑफर आली, आणि युनिव्हर्सिटी रँकिंगच्या यादीत खाली म्हणून शिष्यवृत्ती गेली. ज्याला शिष्यवृत्ती घेऊन जायचंय त्याने आधी जीआर वाचावा, दरवर्षी बदल असतात.

गिरणाकाठ:
ताई फार चांगलं सांगितलंत. रँकिंग आणि अ‍ॅक्रेडिटेशन यात लोक कायम गल्लत करतात. रँकिंग म्हणजे नंबर, त्यात कुणी वर गेला की कुणी खाली जातो. अ‍ॅक्रेडिटेशनमध्ये सगळे पास होऊ शकतात.

तापीपार:
सर मघाशी तुम्ही केस स्टडी सांगितली म्हणून विचारतो. मग आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणून जे काही असतं ते कधी खरंच उपयोगी पडलंय का आपल्या देशात, की सगळं बोटीवरचंच?

गिरणाकाठ:
पडलंय ना. पूर्ण इमारतच त्यावर उभी आहे. आयआयएम अहमदाबाद १९६१ ची, सुरुवातीला विक्रम साराभाई मानद संचालक, हार्वर्ड बिझनेस स्कूलचं सहकार्य आणि फोर्ड फाउंडेशनचा पैसा. केस मेथड आपल्याकडे रुजली ती तिथून. कलकत्त्याचं आयआयएम एमआयटीच्या स्लोनसोबत. आणि सरकारी विद्यापीठाचं उदाहरण हवं तर मुंबई विद्यापीठाचं जमनालाल बजाज, १९६५, स्टॅनफर्डच्या सहकार्याने. आता यात गंमत बघा, तेव्हा एकाही विद्यार्थ्याला बोटीवर नेलं नाही. गेले ते शिक्षक. तिकडे जाऊन शिकवायचं कसं ते शिकून आले, तिकडचे इकडे येऊन राहिले, इथल्या कंपन्यांवर केस लिहिल्या. तो एक शिक्षक परत येऊन पुढे तीस वर्षं पोरांच्या बॅचेस काढतो. म्हणून माझं तरी पक्कं मत आहे की कोणत्याही कॉलेजच्या परदेशी टाय-अपची खोली मोजायची तर 'तुमचे किती प्राध्यापक तिकडे शिकवायला किंवा शिकायला गेले आणि तिकडचे किती आले, कोणता विषय पूर्ण शिकवला' हे विचारा. गेस्ट लेक्चर धरू नका.

(अवांतर: १९६६ ला स्टॅनफर्डचं शिक्षण सोडून वडिलांचा धंदा बघायला जो पोरगा परत आला तो अझीम प्रेमजी, आणि तो धंदा म्हणजे आपल्या अमळनेरचा वनस्पती तुपाचा कारखाना. खानदेश-स्टॅनफर्ड टाय-अप, एमओयूशिवाय.)

अहिराणी_टोला:
सर हाई भारी सांगं 👌 आते अमळनेरले बी 'ग्लोबल' बोर्ड लावाले पाहिजे

विद्यापीठ_कॅन्टीन:
पण सर मग आपल्या विद्यापीठाने का करू नये? उमवि (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) १९९० पासून आहे, केळी आहे, ठिबक आहे, सोनं आहे, डाळ आहे, इतका मसाला कुठल्या बिझनेस स्कूलकडे असेल?

गिरणाकाठ:
करावं असं मलाही वाटतं, आणि सुरुवात एएसीएसबीपासून नाही तर जवळून करावी. दक्षिण आशियातल्या मॅनेजमेंट संस्थांची अ‍ॅमडिसा नावाची संघटना आहे, हैदराबादला, तिचं 'सॅक्स' नावाचं अ‍ॅक्रेडिटेशन ईक्विसच्या धर्तीवरच बेतलेलं आहे पण आपल्याकडची परिस्थिती धरून. श्रीलंका बांगलादेशातल्या विद्यापीठांशीही त्यातून ओळखी होतात. केळीचंच घ्या, इक्वाडोर आणि फिलिपाइन्स जगाला केळी विकतात, तिथल्या एखाद्या बिझनेस स्कूलसोबत मिळून कोल्ड चेनवर एक केस लिहिली तर तो कागद दहा एमओयूंपेक्षा जड होईल. पण त्याला भरलेल्या जागा लागतात. रिक्त पदांवर अ‍ॅक्रेडिटेशन कुणी देत नाही.

केळी_कंटेनर:
सर केस लिहायची असेल तर पॅकहाउसवर या, सगळं दाखवतो. कंटेनर १३ डिग्रीच्या आसपास ठेवावा लागतो, त्याखाली गेला तर साल काळी पडते आणि वर गेला तर वाटेतच पिकतो. मागच्या वेळी बंदरावर कंटेनर अडकला तेव्हा काय काय झालं त्याचे सगळे मेल जपून ठेवलेत. माल कुणाचा नुकसान कुणाचं यावर तुमची पोरं एक सेमिस्टर भांडतील.

गिरणाकाठ:
नक्की. व्यनि करतो.

चोपडेकर_काका:
मंडळी, सगळ्यांचे आभार. काल पुतण्याला बसवून तुमच्या प्रश्नांचा मेल कॉलेजला पाठवला. आधी काउन्सेलरचा फोन आला, 'सर मेलवर नको, कॅम्पसला या, समजावून सांगतो, अर्ली बर्ड स्कॉलरशिप रविवारपर्यंतच आहे'. मी म्हटलं लेखीच द्या. आज उत्तर आलं, थोडक्यात असं: एएसीएसबी आणि ईएफएमडीचं सभासदत्व आहे, अ‍ॅक्रेडिटेशनची 'प्रक्रिया सुरू करण्याचा मानस' आहे. युरोपियन सेमिस्टर म्हणजे तीन आठवडे, दोन देश, सहभागाचं सर्टिफिकेट. क्रेडिट आमच्याच संस्थेचे. तिकडून आलेले विद्यार्थी, सध्या नाहीत. प्राध्यापक, 'व्हर्च्युअल सेशन होतात'. एनबीएचा अर्ज केलाय. एआयसीटीईची मान्यता आहे, तिचं पत्र जोडलंय.

ऱ्हाईनकाठचा_भुसावळी:
निदान खरं लिहिलं. तीन आठवड्यांची सहल हवी असेल तर पोराला नोकरी लागल्यावर स्वतःच्या पैशाने येऊ द्या, माझ्याकडे उतरा, भरीत मी करतो, वांगी मात्र तिकडून आणावी लागतील.

गिरणाकाठ:
काका, कॉलेज बोगस नाही, मान्यता आहे, सध्या साधं कॉलेज आहे एवढंच. साध्या कॉलेजला साडेबारा लाख द्यायचे का ते भावाने ठरवावं. माझ्या मते आधी सीईटीचा निकाल येऊ द्या. पर्सेंटाइल खूप वर असेल तर जमनालाल बजाज, त्याखाली पुणे-मुंबईतली विद्यापीठांची आणि अनुदानित कॉलेजांची एमबीए, मग आपलं विद्यापीठ. सरकारी फी आणि खासगी फी यातला फरक बघूनच निम्मे निर्णय आपोआप होतात. आणि प्रत्येक कॉलेजचं एनबीए त्यांच्या साइटवर कोर्सनिहाय आणि मुदतीसकट बघून मग ऑप्शन फॉर्ममध्ये टाका. प्लेसमेंटचा आकडा विचाराल तेव्हा 'सर्वाधिक पॅकेज' नको, मधल्या पोराला किती मिळालं ते विचारा.

चोपडेकर_काका:
भाऊ तयार आहे थांबायला. वहिनीला बोट आवडली होती, तिची समजूत काढणं चालू आहे. पुतण्या म्हणतो सरांना विचार की ती कापसाची केस वाचायला मिळेल का.

गिरणाकाठ:
मिळेल, उत्तर मात्र एका पानात द्यायचं, निर्णयासकट. आणि कॅप राउंडसाठी नॉन-क्रीमीलेयर लागणार असेल तर चालू वर्षाच्या मुदतीचं आत्ताच काढून ठेवा, निकाल लागला की सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.